डासांसाठी दार ठेवलेली मच्छरदाणी

गोव्याहून परत आले तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आधी माझ्या हातातली काजूची पिशवी घेतली आणि मग विचारलं, "समुद्र बघितलास का?" बघितला म्हटलं. "मग एवढे दिवस करत काय होतीस तिथं?" डास धरत होते, असं सांगितलं तर कुणालाच ते खरं वाटेना. म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढते. गोव्याला जाऊन आलेले पुष्कळ भेटतील, पण तिथं जाऊन मच्छरदाणीत बसून आलेली आमच्या इचलकरंजीत तरी मी एकटीच असेन.

मी मच्छरदाण्या शिवते. मुलगी शाळेत होती तेव्हा सुरू केलेलं काम तिचं लग्न झालं तरी चालूच आहे. कोल्हापुरात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं माझ्या टेबलापाशी रेवती नावाची एक मुलगी आली. तिनं मच्छरदाणी उलटी करून शिवण बघितली, काठ ताणून बघितला आणि विचारलं, "काकू, एकात एक अशा दोन शिवून द्याल का? आतली पूर्ण बंद आणि बाहेरची जमिनीपासून वीतभर वर."

"वीतभर वर ठेवली तर डास आत येतील की."

"यायलाच हवेत," ती म्हणाली आणि हसली.

मग तिनं समजावून सांगितलं. ती डासांचा अभ्यास करते. मलेरियाचे डास कोणत्या गावात, घरात की अंगणात, दिवेलागणीला की उशिरा येतात हे कळलं की औषध कुठं मारायचं आणि कुठलं साठलेलं पाणी हटवायचं हे ठरवता येतं. पण त्यासाठी माणसाला चावायला येणारेच डास धरावे लागतात. पूर्वी एखादा माणूस पोटऱ्या उघड्या टाकून बसायचा आणि पायावर बसलेला डास चावायच्या आत धरायचा. कितीही चपळ असला तरी एखाद-दुसरा डास चावायचाच. दुहेरी जाळीत तो धोका राहत नाही. माणूस आतल्या जाळीत बसतो. त्याच्या वासाने डास बाहेरच्या जाळीखालून शिरतात, आत पोचू शकत नाहीत आणि दोन जाळ्यांच्या मध्ये कापडावर बसून राहतात. मग त्यांना नळीने ओढून घ्यायचं.

आयुष्यभर मी डास येऊ नयेत म्हणून शिवत आले होते. आता त्यांच्यासाठी दार ठेवून शिवायचं होतं. पण शिवली. पावसाळा संपता संपता रेवतीचा फोन आला. गोव्यात पेडण्याजवळ कोरगावात जिथं जाळी लावायची होती ते अंगण उताराचं निघालं. जाळीचा काठ एका बाजूला जमिनीला टेकायचा आणि दुसऱ्या बाजूला गुडघ्यापर्यंत वर राहायचा. "तुम्हीच येता का काकू? राहायची सोय करते."

आमचे हे म्हणाले, "जा की. दिवाळीच्या आत ये म्हणजे झालं." एकटीने एवढ्या लांब मी कधी गेले नव्हते. कातरी, सुया, दोरे, जाळीचं उरलेलं कापड, वाटेत खायला ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन निघाले. आंबोलीचा घाट मी झोपेतच उतरले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

कोरगाव

पेडण्याच्या स्टँडवर रेवती स्कूटर घेऊन उभी होती. आमच्याकडं उसाचं शिवार सुरू झालं की कोसभर दुसरं काही दिसत नाही. इथं मात्र दर वळणाला चित्र पालटत होतं. पिवळं पडत आलेलं भात, मग पोफळीची गर्द बाग, मग लाल दगडाचा चढ आणि चढावर काजूची झाडं. डोक्यावरून एक विमान इतकं खाली आलं की मी मान आखडून घेतली. ते मोपाच्या पठारावरच्या विमानतळावर उतरत होतं. रस्त्याकडेच्या म्हशीनं मानही वर केली नाही.

जाळी लावायची होती ते घर बाबल आणि शेवंती या नवरा-बायकोचं. बाबल सडपातळ, हसरा माणूस, थोडं भात आणि काजू करणारा. शेवंती बुटकी, चटपटीत, केसांत अबोलीची वेणी. ती अबोलीच्या वेण्या करून पेडण्याच्या बाजारात विकते. घरात दोघंच होती, मुलगा पणजीला नोकरीला. घराच्या एका अंगाला भाताचं शेत आणि दुसऱ्या अंगाला बांधकामावर येणाऱ्या मजुरांच्या खोल्या. रेवतीला याहून चांगली जागा शोधून मिळाली नसती.

"येवा, बसा," म्हणत शेवंतीनं चहा आणि बशीत पोई आणून ठेवली. पोई म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, टम्म फुगलेला पाव. सकाळी सायकलवर भोंगा वाजवत पाववाला येतो, त्याला तिथं पोदेर म्हणतात. मी माझा भाकरी-ठेचा पुढं केला. शेवंतीनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "काकी, तुमी घाटावरली माणसां जिवंत कशी रवतात?"

इथवर सगळं छान होतं. मग रेवतीनं संध्याकाळी जाळीत कोण बसणार हा विषय काढला आणि शेवंतीचा चेहराच बदलला.

"बाय, जागा घे, लायट घे, च्या घे. माणूस मात्र माज्या घरातलो मागू नको."

रेवतीनं मला आधी सांगितलं नव्हतं ते आता कळलं. मागच्या वर्षी दुसरेच कुणी डासांचा अभ्यास करायला आले होते आणि त्यांनी बाबलला पोटऱ्या उघड्या टाकून अंगणात बसवलं होतं. पंधरवड्यानं त्याला हींव भरलं, म्हणजे थंडी वाजून ताप आला. रक्त तपासलं तर मलेरिया.

"हांतरुणात थडथड उडत होतो हो," शेवंती म्हणाली. "तीन गोधड्यो घातल्यो तरी पुरनात. माका वाटलां, गेलो आता."

"ताप शेतातसून पण येवंक शकता गो," बाबल हळूच म्हणाला.

"तू गप रव."

रेवतीनं बचाव केला नाही. "कुठून आला ते मलाही सांगता येणार नाही, वहिनी. पण पुन्हा कुणाला तसं बसवायला लागू नये म्हणूनच ही जाळी आहे."

"मगे तूच बस."

"मी आत बसले तर डास गोळा कोण करणार?" रेवतीचा जोडीदार आत बसणार होता, पण त्याच्याकडं बाळ झालं म्हणून तो आदल्याच दिवशी गावी गेला होता. गावात चार घरी विचारून झालं होतं. बाबलचं दुखणं सगळ्यांनी पाहिलेलं. कुणी तयार नव्हतं.

"मी बसते," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं खरं. पण जाळी माझ्या हातची. तिच्यात बसायला मीच कचरले तर दुसऱ्या कुणी का बसावं? रेवतीनं मला सगळं पुन्हा एकदा समजावलं, नको वाटलं तर कधीही बाहेर यायचं म्हणून बजावलं आणि मगच सही घेतली.

पहिली संध्याकाळ

दुसरा दिवस काठ कमी-जास्त करण्यात गेला. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरून बाबल दोरीची पातळी सांगत होता आणि मी खाली बसून टाके घालत होते. अकराच्या सुमाराला शेवंतीनं उकड्या तांदळाची पेज आणि सुक्या बांगड्याचा तुकडा दिला. या वेळी आमच्याकडं बायकांचा दुसरा चहा होतो. पण त्या उकाड्यात गरम पेजेनंच अंग थंड कसं होतं ते मला अजून उलगडलेलं नाही.

दिवस मावळायला मी आतल्या जाळीत बाजेवर जाऊन बसले. गादीखाली काठ खोचून घेतला. शेवंती ओसरीवर हाताची घडी घालून बसली होती, परीक्षेला बसलेल्या पोरावर नजर ठेवावी तशी. देवळातली घंटा झाली, शेतातून गारवा आला, आणि मग कानाशी तो ओळखीचा बारीक सूर वाजला. एक आला, मग दुसरा. जाळीपलीकडं वीतभर अंतरावर ते घिरट्या घालत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होते. डास अंगाशी आलेला असताना हात न उगारता बसणं केवढं अवघड आहे ते करून बघावं!

रेवती पायांत मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्यावर जाळीची टोपी घालून दोन जाळ्यांमध्ये शिरली. हातात रबरी नळी लावलेली काचेची नळी. एक टोक तोंडात, दुसरं डासाजवळ. हलकेच श्वास ओढला की डास काचेत जातो. मध्ये जाळीचा तुकडा बसवलेला असतो म्हणून तोंडात जात नाही. मला तरी प्रत्येक वेळी तो गिळला गेलाच असं वाटायचं.

सगळं छान चाललं होतं आणि एकदम माझ्या टाचेला निखारा लागल्यासारखं झालं. मी ओरडले, "आई गं!"

शेवंती ताडकन उभी राहिली. "चावलो! सांगलंय मा मी! चावलो!"

रेवतीचा चेहरा टोपीच्या जाळीतूनही पांढरा पडलेला दिसला. विजेरी टाचेवर मारली. तिथं एक लांबलचक तांबडा मुंगळा चिकटून बसला होता.

"हुमलो," बाबल सुटल्यासारखा म्हणाला. "आंब्यार रवतात ते. जळार नाय." डासाला ते जळार म्हणतात.

रेवती हसायला लागली, मीही हसले. शेवंती मात्र हसली नाही. "हुमलो भितर गेलो तो खंयसून? तेच वाटेन जळार जावचो नाय?"

मी विजेरी घेऊन गादीचा कडेकडेचा काठ तपासला. मी पाय हलवले होते तिथं काठ वर आला होता आणि बोटभर फट पडली होती. माझ्या शिवणीत खोट नव्हती, पण माणूस दगडासारखा बसून राहणार नाही हे मी धरलंच नव्हतं. त्या संध्याकाळी रेवतीनं काम तिथंच थांबवलं. शेवंतीनं माझ्या टाचेला चुना लावला. रागावलेली होती, तरी फुंकर मात्र अलगद घातली.

जेवताना मी म्हटलं, बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवू या, मुंग्या चढणार नाहीत. घरी दुधाच्या पातेल्याला मी तेच करते. रेवतीचा घास हातातच राहिला. "काकू! साठलेलं पाणी? मी दिवसभर लोकांची तेवढीच भांडी उपडी करत फिरते!" बाबल हसता हसता ठसकला. मग पाण्याऐवजी राखेवर ठरलं.

मांद्रे

काठ आपोआप खाली दबून राहायला हवा असेल तर त्यात वजन हवं. कापडाची लांब नळी शिवायची, तिच्यात वाळू भरायची आणि ती काठाला जोडायची, असं मी रात्री पडल्या पडल्या ठरवलं. वाळू कुठंही मिळाली असती. पण समुद्र जवळ असताना ती समुद्रावरूनच का आणू नये? रेवती म्हणाली, "काकू, सरळ सांगा ना, समुद्र बघायचाय."

मांद्र्याचा किनारा सकाळी मोकळा होता. एक गोरी बाई वाळूत डोक्यावर उभी राहून व्यायाम करत होती. तिच्यापलीकडं एक म्हातारा मासेमार जाळं दुरुस्त करत बसला होता. मी आधी त्याच्याकडंच गेले. त्याच्या बोटांत लाकडी सुई अशी फिरत होती की मी उभीच राहिले. जाळ्याच्या खालच्या काठाला शिशाचे मणी होते.

"कितें बगतात बाय?"

"मीही जाळी शिवते," मी म्हटलं.

"होय? खंयचो मासो धरूक?"

"डास."

त्यानं सुई थांबवली, माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मगे भोक बारीक दवर." एवढं बोलून पुन्हा कामाला लागला.

मी पायांवर पाणी घ्यायला गेले आणि लाट माझ्या अंदाजापेक्षा मोठी निघाली. कमरेपर्यंत भिजले, पिशवीतली वाळूही भिजली. मग ओसरीवर शेवंतीच्या साडीत बसून मी वाळू उन्हात सुकवत बसले. शेवंती येता-जाता बघत होती. नळी भरायला घेतली तेव्हा समोर येऊन बसली आणि तिनं नळीचं तोंड धरलं.

वासरू

नरकासुराशिवाय गोव्याची दिवाळी होत नाही. आपल्याकडं पोरं किल्ले करतात, तिथं वाड्यावाड्यावर कागद आणि गवताचे अक्राळविक्राळ नरकासुर उभे राहतात आणि दिवाळीच्या पहाटे जाळले जातात. बाबलच्या घरापलीकडच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, नरकासुराचं काम चाललं होतं. त्याचं नुसतं डोकं आमच्या न्हाणीएवढं होतं.

वाळूचा काठ लावून झाल्यावर मी दोन्ही जाळ्या अंगणात टांगून दुरून बघत उभी होते. काठ असा बसला होता की वारा आला तरी हलेना. मनात म्हटलं, आता बोल शेवंती. नेमकं तेव्हाच मांगरातल्या पोरांनी मिरवणुकीचे कर्णे लावून बघितले. एवढा आवाज झाला की पोफळीवरचे कावळे उडाले, आणि गोठ्यातलं वासरू दावं तोडून अंगणात आलं. पुढं जाळी आहे हे त्याला दिसलंच नसणार. ते तसंच तिच्यातून आरपार गेलं आणि आतली जाळी गळ्यात घेऊन भाताच्या बांधावरून पळत सुटलं. पुढं वासरू, मागं बाबल, त्याच्यामागं रेवती, आणि सगळ्यांत मागं चुना लावलेल्या टाचेनं लंगडत मी. शेवंती ओसरीचा खांब धरून हसत होती. तिला हसू आवरेना आणि मला रडू.

बाहेरची जाळी वाचली होती, नुसते टाके उसवले होते. आतल्या जाळीला मात्र माझ्या दोन्ही हातांच्या फैलावाएवढं खिंडार पडलं होतं आणि मी आणलेलं कापड काठ लावण्यातच संपलं होतं. परवाच्या सकाळी माझी परतीची गाडी होती.

डिचोली

रेवतीला दुसऱ्या दिवशी डिचोलीला जायचंच होतं. तिथं खाणींचे जुने खड्डे आहेत, त्यांत पावसाचं पाणी साठून तळी झाली आहेत. एका कडेला लाल मातीची भिंत आणि तळाशी हिरवंगार, शांत पाणी. इतकं सुंदर की तिथं जेवायला बसावंसं वाटलं. रेवती मात्र लांब दांड्याच्या डावानं कडेचं पाणी काढून त्यात वळवळणाऱ्या अळ्या शोधत होती. सुंदर दिसलं की ती वाकून बघणारच, हे मला आता माहीत झालं होतं.

जाळीच्या कापडासाठी बाजारात दोन-तीन दुकानं फिरलो. मिळालं ते एकतर फार विरळ, नाहीतर इतकं दाट की आत बसणारा घुसमटला असता. शेवटी भाजीवाल्या बाईनं आत्माराम टेलरकडं पाठवलं.

दुकान कसलं, दरबारच तो. भिंतीभर मखमलीचे अंगरखे, जरीचे शेले, खिळ्यावर टांगलेले मुकुट. आत्माराम मूळचा सावंतवाडीकडचा, साठीचा, चष्मा नाकाच्या टोकावर. दशावतारी नाटकांचे पोशाख शिवणारा. तरुणपणी तो नाटकात राणीचं काम करायचा, हे त्यानं आम्ही बसायच्या आत सांगितलं.

"दिवाळी झाली की नाटकवाले भायर पडतले. माका मरूक सवड नाय," म्हणाला आणि लगेच माझी फाटकी जाळी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात बघू लागला. "शिवण कोणाची?"

"माझी."

"बरी असा." कारागिरानं कारागिराला दिलेला तो शब्द मला फार गोड वाटला. "फाडली कोणी?"

"वासरानं."

सगळी हकिकत ऐकून त्यानं कपाट उघडलं आणि एक पोपटी जाळी बाहेर काढली, ठिकठिकाणी चंदेरी टिकल्या लावलेली. "राणीचो पदर असा हो. बघा चलता काय."

भोकं बारीक दिसत होती, पण नुसत्या नजरेवर मी भरवसा ठेवणार नव्हते. शेजारच्या दुकानातून चिमूटभर मोहरी मागून आणली, जाळी ताणून धरली आणि वर टाकली. एक दाणा खाली पडला नाही. रेवतीनं भिंग लावून बघितलं आणि मान हलवली.

"पण तुमच्या राणीचं काय?" मी विचारलं.

"राणी दुसरो पदर घेतली. नाटकात कोणी मलेरियान मरणा नाय," आत्माराम म्हणाला आणि स्वतःच्या मशीनवरून उठून मला जागा दिली.

मी शिवत होते आणि तो शेजारी उभा राहून राणीचे संवाद म्हणत होता, त्या वयात, त्या चष्म्यात, पण आवाज ऐकून रस्त्यावरचे दोघं-तिघं दारात थांबले. निघताना त्यानं ठिगळाच्या चारी कडांवरून नख फिरवून बघितलं आणि मगच घडी माझ्या हातात दिली.

शेवटची संध्याकाळ

टिकल्यांचं ठिगळ बघून बाबल म्हणाला, "आता जळार तिकीट काडून येतले." शेवंतीनं जाळीचा काठ उचलला, सोडला, पुन्हा उचलला. ठिगळाच्या शिवणीत करंगळी घुसवून बघितली. बाजेच्या पायांखालची राख तिनंच बदलली.

मी आत बसले. या वेळी मुद्दाम पाय हलवले, कूस बदलली, मांडी मोडली. वाळूचा काठ जागचा हलला नाही. डास आले, आदल्यापेक्षा जास्तच. रेवती दोनदा येऊन नळ्या भरून घेऊन गेली. ओसरीवरच्या दिव्याचा उजेड पडला की ठिगळावरच्या टिकल्या चमकत आणि मला उगाच राणी झाल्यासारखं वाटे.

बाहेर आले तशी शेवंतीनं रेवतीच्या हातातली विजेरी घेतली. मला ओसरीवर बसवलं आणि माझे हात, पाय, मान, कानामागची जागा, सगळं स्वतः तपासलं. माझी आई गेल्यापासून असं कुणी मला न्याहाळलं नव्हतं. टाचेवरचा जुना डाग सोडला तर अंगावर काही नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. मग विजेरी पुन्हा एकदा पायांवर फिरवून, "खरांच नाय."

रेवतीनं तिला भिंगाखाली एक डास दाखवला. पंखांवर काळे-पांढरे ठिपके. मलेरिया पसरवणाऱ्यांपैकी हा एक, रेवती म्हणाली. बसतो तो डोकं खाली आणि पाठ वर करून. शेवंती कितीतरी वेळ डोळा लावून बघत राहिली.

"इतक्याशा किड्यान माज्या घोवाक असो हालयलो?" घोव म्हणजे नवरा. मग भिंग परत देत तिनं विचारलं, "फाल्यां काकी जातली. मगे कोण बसतलो?"

"कुणी मिळालं नाही तर इथलं काम बंद करावं लागेल," रेवती म्हणाली. "दुसरं गाव बघीन."

"दुसऱ्या गावात माणसां नाय? थंय पण कोणाक तरी बसूकच लागतलां मा?"

मजुरांच्या खोल्यांकडून कुणाच्या तरी बाळाचं रडणं ऐकू येत होतं. बाबल खाकरून पुढं झाला. "मी बसतंय."

"तू नाय," शेवंती म्हणाली. "तू परत आजारी पडलंस तर माका ता बगूक जमाचा नाय. मी बसतलंय."

"वहिनी, नीट विचार करून..." रेवती सांगायला लागली.

"चार दिस विचारच करतंय. आता गप रव आणि खंय सही करूची ती सांग."

सही करून तिनं अबोलीची परडी उचलली, जाळीचा काठ वर करून आत शिरली, बाजेवर मांडी घातली आणि वेणी करायला घेतली. काठ मी बाहेरून दाबायला गेले तर म्हणाली, "तां माका कळता." खरंच कळत होतं. आम्ही तिघं ओसरीवर बसून तिच्याकडं बघत होतो. बाबल सारखा उठत होता, पुन्हा बसत होता.

"काय चावता?" त्यानं दोनदा विचारलं.

"तुजे प्रश्न चावतत. चाय कर."

तो चहा करायला गेला. घरात शिरताना त्यानं डोळे पुसले ते मी पाहिलं.

एक वेणी पुरी करून शेवंती बाहेर आली. आम्ही तिला तपासायच्या आधी तिनंच स्वतःला तपासलं आणि वेणी माझ्या केसांत माळली. सकाळी निघताना बाबलनं काजू दिले. शेवंतीनं तिच्या परीनं माझी पिशवी भरली: लाल पोहे, नारळ आणि सोलं, म्हणजे आमसुलं. "तुमच्या त्या ठेच्यार सोलांची कढी पिया, जीव वाचात," म्हणाली.

परत आल्यावर

दिवाळी झाली. मी त्या लाल पोह्यांना नारळाचा रस आणि गूळ घातला, तिथं करतात तसा. आमच्या ह्यांना गोड पोहे आवडले नाहीत, पण त्यांनी संपवले.

परवा रेवतीचा फोन आला. कोरगावचं काम बंद पडलं नाही, उलट तिला नवी अडचण आली आहे. शेवंतीच्या शेजारणीनंही नाव दिलं आहे. पण पाळीपाळीनं बसायला दोघी तयार नाहीत. एकटीनं मुकाट्यानं बसण्यात वेळ जात नाही म्हणतात, बसू तर दोघी बरोबर बसू. दोन माणसं असली की डास जास्त येणार आणि हिशेब बदलणार, हे रेवतीनं त्यांना परोपरीनं समजावलं. शेवंतीचं म्हणणं, मग सगळ्या गावांत दोघी-दोघी बसव.

"आणि मी हो म्हणून बसले, काकू," रेवती कावून म्हणाली. "दोघींच्या मापाची शिवाल?"

दुपारी मी शेजारच्या विमलला बोलावलं. पलंगावर समोरासमोर मांड्या घालून बसलो, मध्ये फुलांची परडी म्हणून एक टोपली ठेवली आणि मोजपट्टीनं माप घेतलं. माप घेऊन झाल्यावर विमल म्हणाली, "आता गोव्याचं सगळं पहिल्यापासून सांग." संध्याकाळी आमचे हे कामावरून आले तेव्हा आम्ही तशाच बसलो होतो. एवढा वेळ बसायचं तर पाय पसरायला जागा हवीच, म्हणून मग मी मापात आणखी एक वीत वाढवली.